दळू नये

नाताळाआधीच्या आगमनकाळात आम्ही ख्रिस्ती लोक घरात मेणबत्त्यांचं कडं करतो. त्याला परदेशात फरच्या फांद्या लागतात म्हणे. आमच्याकडे सुरूच्या झाडाच्या. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून पिशवीभर डहाळ्या आणायच्या, तारेच्या कड्याला गुंडाळायच्या, की झालं. पहिल्या रविवारी कडं हिरवंगार दिसतं. तिसऱ्या रविवारपर्यंत त्याची केरसुणी झालेली असते.

त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. बाजारात जांभळी मिळेलच असं नाही, मग पांढरीलाच जांभळी रिबीन बांधायची. नाताळाआधी चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. नाताळ कुठल्या वारी येतो त्यावर हा काळ कधी २२ दिवसांचा भरतो, कधी २८. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. निम्म्याहून जास्त वाट सरली, आता जरा हसा, असा तिचा अर्थ. या सगळ्या हिशोबात पहिली मेणबत्ती जळून बुटकी होते आणि चौथी जवळजवळ कोरी उरते. उरलेली थोटकं मम्मी कपाटात टाकते. लहानपणापासून मला तो तिचा चिकटपणा वाटायचा.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. कौलं उडाली, परसातला फणस आडवा झाला, वीज गेली ती लवकर आलीच नाही. तेव्हा ती थोटकं बाहेर निघाली. अर्थात चौथी सगळ्यांत जास्त पुरली. पप्पा त्या वेळी कोविडने दवाखान्यात होते. त्याच महिन्यात गेले.

मग पावसाळा गेला, गणपती झाले, शेजारच्या काकींचा घट बसला आणि उठला, आणि २८ नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला. कडं मीच केलं, सुरू ओली असताना बांधल्यामुळे ते एका बाजूला कललेलं. इगर्जीत वाचन बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं होतं: देव दाविदाच्या वंशात अंकुर उगववील. फादरांचं प्रवचन लांबत गेलं, आणि खरं सांगायचं तर मी मोबाइलवर बायबल उघडून मागचा अध्याय वाचत बसलो.

तिथे एक जमिनीचा व्यवहार आहे. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या आसपासची गोष्ट. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत पडलाय, आणि अशात त्याचा चुलत भाऊ भेटायला येऊन म्हणतो, अनाथोथची माझी जमीन तू विकत घे. कोकणातला कुठलाही माणूस सांगेल की असा भाऊबंद पाया पडला तरी व्यवहार करू नये. जमीन उद्या शत्रूच्या घशात जाणार हे आंधळ्यालाही दिसतंय. पण हा गृहस्थ १७ शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, शिक्का मारतो आणि कागद मडक्यात घालून ठेवायला सांगतो. पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

म्हणजे सातबारा मडक्यात! मला इगर्जीत हसू आलं. मम्मीने कोपर मारलं.

आशेवर मी पुष्कळ ऐकलंय. त्या मे महिन्यात तर फोनवरून रोज. त्यातलं बहुतेक कानावरून गेलं. मोजून दिलेली चांदी मात्र डोक्यात राहिली.

डिसेंबरच्या मध्याला मम्मी फडताळात काहीतरी शोधत होती. नाताळात येशूजन्माचा देखावा म्हणून मांडतात त्या गोठ्याचं मी नावही काढलं नव्हतं. आमच्या घरात माणूस गेल्याच्या वर्षी नेवऱ्या, कुळकुळं असा नाताळाचा फराळ करत नाहीत, तर गोठा तरी कशाला? शिवाय गोठा हे पप्पांचं खातं. चिऱ्याच्या कपऱ्यांचे डोंगर, नव्या भाताचा पेंढा, आणि नाचणीचं शेत. नाचणी रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधायची, मोड आले की परातीत माती-वाळू घालून पेरायची. बाळ येशूच्या भोवती हिरवं रान हवं तर आठ-दहा दिवस आधी पेरायलाच हवी. २३ तारखेला कितीही उत्साह आला तरी उपयोग नाही.

फडताळातून जुनी काचेची बाटली निघाली. आत मूठ-दोन मूठ नाचणी, आणि बाहेर चिकटपट्टीखाली पप्पांचं अक्षर: ‘गोठ्यासाठी. दळू नये.’

नाचणीला कीड सहसा लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. दळण्याची भीती होती ती माझ्यामुळे. मला आंबील आवडते.

मम्मी बाटली घेऊन ओट्याशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने पातेलं घेतलं.

परात पडवीत ठेवली तेव्हा शेजारच्या काकी कुंपणावरून डोकावल्या. “काय गो, तुमचो घट आता बसता?” दरवर्षीचा विनोद. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “यंदा गोठो करतलास?”

“नाचण्याक खंयचा सुतक?” मम्मी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी काकींच्या कोंबड्यांनी अर्धी परात उकरली. काकींनी ओशाळून आपल्याकडची नाचणी आणून दिली, ती मागाहून पेरली, त्यामुळे शेत एका अंगाला चार बोटं आणि दुसऱ्या अंगाला जेमतेम पोपटी लव. गोठ्यातले मेंढपाळ मी उंच बाजूला उभे केले, तर गुडघ्यापर्यंत बुडाले. चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या पेटल्या. कडं आता पार तपकिरी झालं होतं, म्हणून आग लागेल या भीतीने मी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन प्रार्थनेला बसलो.

नाताळाला काकींनी करंज्या पाठवल्या. मम्मीने एक खाल्ली, दुसरी अर्धी.

तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, गोठा मोडला. नाचणीचं रान काकींच्या पाडीने दोन घासांत संपवलं. मम्मीने बाटली धुतली, चिठ्ठीवर पाणी जाऊ नये म्हणून वरचा भाग पदरात धरून, आणि उन्हात उलटी ठेवली.

“मूठभर नाचणी आण बाजारातून,” ती म्हणाली. “आंबिलीची वेगळी आण.”