दम्यासाठी बेडक्याची टेस्ट केली – माझा अनुभव

सहा वर्षं झाली दमा होऊन, त्यातली चार मी नुसत्या निळ्या पंपावर, म्हणजे धाप लागली की ओढायच्या, काढली. स्टिरॉइडचा पंप दिला होता पण जरा बरं वाटलं की बंद, कारण घरात सगळ्यांचं एकच, पंपाची सवय लागते. यंदा पावसाळ्यात रात्री तीन-तीनला उठून बसायला लागले, तेव्हा चेस्टवाल्या मॅडम म्हणाल्या फुंकायची टेस्ट झाली, आता बेडका तपासू, म्हणजे श्वासनळ्यांत कुठल्या पेशी जमल्यात ते कळेल.

माझा खोकला कोरडा, बेडका पडणार कुठून? तर त्याचीच ती सोय असते. आधी सॅल्ब्युटामॉलचे, म्हणजे निळ्या पंपातल्या औषधाचे, 4 पफ, नळ्या आवळू नयेत म्हणून, मग नाक शिंकरून चूळ भरायची आणि नेब्युलायझरमधून मिठाचं पाणी ओढत बसायचं, पहिल्यांदा 3 टक्के, मग 4, मग 5, दर वेळी 7 मिनिटं. समुद्रात गटांगळी खाल्ल्यासारखी चव, घसा खवखवतो, डोळ्यांत पाणी येतं. प्रत्येक राउंडनंतर फुंकून बघतात, आकडा 20 टक्क्यांनी पडला तर तिथेच थांबवतात, त्यामुळे भीती वाटली नाही. दुसऱ्या राउंडला खोलवरून खोकला आला आणि डबीत एकदाचं काहीतरी पडलं. थुंकी चालत नाही बरं का, छातीतलंच हवं.

लॅबमधल्या ताईंनी ते बशीत ओतलं, चिमट्याने चिकट गोळे तेवढे उचलले, चिकटपणा सुटायचं औषध घालून स्लाइड केली आणि रंग दिल्यावर मला बोलावून दाखवली. मोठ्या फिकट पेशी म्हणजे मॅक्रोफेज, ते नळ्यांतला कचरा खातात. आणि मधे मधे केशरी-गुलाबी दाणे गच्च भरलेल्या, दोन पाकळ्यांचं केंद्रक असलेल्या, त्या इओसिनोफिल, दम्यात नळ्यांना सूज आणणाऱ्या. 400 पेशी मोजल्या, त्यात 44 इओसिनोफिल, म्हणजे 11 टक्के. 3 च्या आत हवेत. हीच सूज स्टिरॉइडच्या पंपाने उतरते, निळा पंप फक्त आवळलेली नळी सैल करतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

उरलेलं सॅम्पल स्ट्रेस प्रोटीनच्या अभ्यासाला देता का विचारलं, मी सही केली. मला वाटलं स्ट्रेस म्हणजे मनाचं टेन्शन, कारण ‘टेन्शन घेतेस म्हणून दमा’ हे ऐकून कान किटले होते. ताई म्हणाल्या नाही हो, हा पेशीचा ताण. उष्णता, धूर, सूज यांनी पेशीतल्या प्रोटीनच्या घड्या विस्कटतात, त्या सावरायला पेशी एचएसपी 70 सारखी प्रोटीनं बनवते. हे कळलं कसं, तर रितोस्सा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या इनक्युबेटरचं तापमान चुकून वाढलं, फळमाश्यांच्या पेशींत त्या उष्णतेची खूण दिसली, 1962 ला ते छापून आलं. दम्याच्या लोकांच्या मॅक्रोफेजवर एचएसपी 70 जास्त दिसलंय, आणि पेशी फुटून ते बाहेर पडलं की बाकीच्या पेशींना धोक्याचा इशारा जातो. त्याचा रिपोर्ट आपल्याला मिळत नाही. पण माझ्या नळ्यांतल्या पेशी इतक्या झटत होत्या आणि मी पंप कपाटात ठेवून दिला होता, याचं फार वाईट वाटलं.

तीन महिने सकाळ-संध्याकाळ न चुकता पंप घेतला, परत टेस्ट केली, 400 त 7. स्लाइडचे दोन्ही फोटो आईला दाखवले. सवय लागते म्हणणारी तीच, आता चहाआधी पंप हातात देते आणि चूळ भरायला तांब्या घेऊन उभी असते.