बायोटेक सोडून हॉस्पिटलात काय करतेस गं?

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात येतो. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग काय अकाउंट्सला का? आईनं तर सोपं करून टाकलंय, "मोठ्या हॉस्पिटलात आहे" म्हणते आणि पुढचं ताट वाढायला घेते.

एमएस्सीनंतर मी लॅबमध्ये औषधाला न जुमानणाऱ्या टीबीवर काम करायचे. रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेनासं होतं त्यामागे बहुतेक वेळा जंतूच्या आरपीओबी नावाच्या जीनमधल्या जेमतेम 81 बेसपेअरच्या (म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) तुकड्यातला बदल असतो, माझं सगळं जग तेवढंच. डीएनए काढा, पीसीआर लावून त्या तुकड्याच्या भरपूर प्रती करा, त्या जेलवर चालवून बघा, बँड म्हणजे पट्टा दिसला तर चहा नाहीतर परत पहिल्यापासून. कंटाळले होते असं अजिबात नाही हं.

पण याच तुकड्यावर बेतलेली जीनएक्सपर्ट टेस्ट आता सरकारी दवाखान्यातही होते, दोनेक तासांत कळतं टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, आधी कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू, वाढायची वाट बघण्यात आठवडेच्या आठवडे जायचे. आणि ओळखीतल्या एका काकांचा असा दोन तासांत तयार झालेला रिपोर्ट लॅबच्या ट्रेमध्ये नुसता पडून राहिला, कारण काकांचा वॉर्ड बदललेला आणि कळवायचं कोणी हे ठरलेलंच नव्हतं. तोवर काका साध्या वॉर्डात मास्कशिवाय खोकत. माझं डोकंच फिरलं.

मग हॉस्पिटल मॅनेजमेंट केलं, पगार सुरुवातीला कमीच झाला, आणि आता क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. क्वालिटी म्हटलं की लोकांना एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, फायली आठवतात, त्या आहेतच, खोटं कशाला बोला. पण खरं काम वॉर्डात. म्हणजे बघा, पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून असा आकडा आला की लॅबनं लगेच वॉर्डला फोन करायचा, सिस्टरनं तो लिहून घ्यायचा आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. आमच्याकडे एका वॉर्डात नुसतं "हो हो कळलं" म्हणून फोन ठेवला जायचा. जाऊन बघितलं तर फोन काउंटरच्या या टोकाला आणि रजिस्टर त्या टोकाच्या कपाटात! लिहिणार कशावर, तळहातावर? रजिस्टर फोनजवळ आणलं, पेन दोरीनं बांधलं (पेन बांधावंच लागतं), आणि वाचून दाखवणं बऱ्यापैकी सुरू झालं.

दुसरी डोकेदुखी बेड नंबर. "बारा नंबरचं इंजेक्शन दे गं", आणि बारावाले दुपारीच सातवर गेलेले. लेबल नसलेली ट्यूब आम्ही लॅबमध्ये सरळ फेकायचो, इथं तर माणूस आहे. म्हणून हातावरच्या पट्टीवरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही बघायचं, आणि नाव पेशंटलाच सांगायला लावायचं, "तुम्हीच पाटील ना?" असं विचारायचं नाही. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि एका वॉर्डात पाटील किती असतात ते काय सांगू.

"ताई, बायोटेक झालंय, जमेल का?" असं विचारणाऱ्यांना, जमेल की. एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) वाचायची, नोंद ठेवायची सवय तुम्हाला आहेच. क्लिनिकल ट्रायलची (पेशंटवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची) कोऑर्डिनेटर म्हणूनही शिरता येतं. फक्त एसीत बसून रिपोर्ट करायचे असतील तर येऊ नका, आणि वॉर्डातल्या मावशींशी दोस्ती करा, कुठल्या बाथरूममध्ये कोण घसरणार हे त्यांना आमच्या फॉर्मच्या आधी कळलेलं असतं.