नुसता अंगठा

सकाळी अकरा वाजता दादाला आमच्या जुन्या लेगो गाडीचा व्हिडिओ पाठवला. पावणेबाराला दादाचा अंगठा आला. नुसता अंगठा. आता रात्रीचे साडेदहा झालेत आणि तो अंगठा काही मनातून जात नाही.

काल माळा आवरताना पत्र्याचा डबा सापडला. साताऱ्याचं घर रिकामं करताना तो माझ्या सामानात आला, दादाच्या नाही, आणि तेव्हा त्यावर कुणी काही बोललं नाही. ते सगळं आता उकरायला नको. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटलं. आत मामाने मस्कतहून आणलेलं लेगो टेक्निक, तुकडे जोडून चालती यंत्रं करायचा खेळ. भोकांच्या पट्ट्या, काळे अ‍ॅक्सल, गिअर, नऊ व्होल्टची मोटर आणि सहा पेन्सिल सेलचा बॅटरी बॉक्स.

बॅटरी बॉक्स उघडायची भीती वाटली. रिमोटमध्ये वर्षभर विसरलेले सेलसुद्धा पाझरून पांढरी खपली धरतात, इथे तर तीस वर्षं झालेली. पण आत एकही सेल नव्हता. पत्र्या लख्ख. मग आठवलं, खेळ संपला की दादा आधी सेल काढायचा. आई ताटं वाढून हाका मारत असायची, तरी हा एकेक सेल पेपरात गुंडाळतोय. नवे सहा सेल घातले, वायरीचं टोक मोटरवर दाबलं आणि मोटर पहिल्याच झटक्यात फिरली. तिचा तो बारीक घूं आवाज ऐकला आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर खालीच बसले.

चिनूने विचारलं, "याचं अ‍ॅप कुठेय?" हल्लीच्या गाड्या ब्लूटूथवर चालतात, मोबाइलवरून. पण त्याच्या सेटमधले तुकडे या जुन्या विटांवर टक्कन बसले. 1958 पासून ही पकड बदललेलीच नाही. त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मला खूप वाटलं.

काल दुपारपर्यंत मी माझी गाडी केली. मोटरवर आठ दाती गिअर, चाकाच्या अ‍ॅक्सलवर चोवीस दाती, म्हणजे मोटरचे तीन फेरे आणि चाकाचा एक. लहानपणीही हीच करायचे, मला वेग हवा असायचा. बोटांना सगळं आठवत होतं. आठ आणि चोवीस मध्ये एक भोक सोडून बरोबर जुळतात. आठ आणि सोळा एका पट्टीवर जुळत नाहीत, अर्ध्या भोकाचा घोळ होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, रडून रडून कळलं होतं. गाडी हॉलभर सुसाट पळाली आणि सतरंजीच्या काठाला अडली. मोटर घुसमटल्यासारखी थांबली. तेव्हाही अशीच अडायची.

डब्यात तळाशी दादाची गाडी होती. अर्धीच, पुढची चाकं नाहीत. पण मागचा सांगाडा तसाच, वर्मसकट. वर्म म्हणजे स्क्रूसारखा पिळाचा गिअर. आई विचारायची, "कुणाचं वर्म काढताय रे?" मोटर वर्म फिरवते, वर्म चोवीस दातीला एका फेऱ्यात एकच दात पुढे सरकवतं. चोवीस फेऱ्यांनी चाक एकदा फिरतं. गोगलगाय. मी चिडायचे त्याच्यावर. तो म्हणायचा, वेग हवा की जोर, एक काहीतरी मिळेल.

दिवाळीच्या किल्ल्यावर तीच गाडी चढली होती. अंगणातला किल्ला, हळीव पेरलेला, बुरुजावर मावळे. गाडी इंच इंच करत चढली आणि अर्ध्यावर दादाने स्विच बंद केला. माझी असती तर घसरत खाली आली असती. त्याची तिथेच उभी राहिली. वर्मचं असंच असतं, वर्म गिअरला फिरवतं, गिअर वर्मला फिरवू शकत नाही. आज मी तो सांगाडा फरशीवर ठेवून हाताने ढकलून पाहिला. हलत नाही. टायर फरफटतात, चाक फिरत नाही. इकडून कितीही जोर लावा.

असो.

खरं तर त्या व्हिडिओच्या उत्तरात मला काय हवं होतं? "अरे, ही अजून चालते?" एवढं तरी. किंवा फोन. आम्हा दोघांनाच आठवत असेल असा तो किल्ला, मग ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाला सांगू? दिवसभर दहा वेळा फोन उघडला. स्वयंपाक करताना डोळे भरून आले, चिनूला कांद्याचं सांगितलं. एवढ्या वर्षांनी मी डबा उघडला आणि पलीकडून नुसता अंगठा.

मग संध्याकाळी भाजी निवडता निवडता आठवायला लागलं, गाडी करताना दादा बोलायचा का? नाही बोलायचा. मान खाली. फक्त तळहात पुढे करायचा आणि मी त्यावर हवं ते गिअर ठेवायचे. न मागता कळायचं मला. किल्ल्यावर गाडी थांबली तेव्हाही तो काहीच बोलला नव्हता. वाड्यातली पोरं ओरडत होती, आणि त्याने बॅटरी बॉक्स उचलून माझ्या हातात दिला होता. पुढची चढण मी चढवली. तेव्हा मला शब्द कमी पडले नव्हते. आज पडले. यात सगळा दोष त्याचा नाही, माणूस पहिल्यापासून असाच आहे आणि मला तो असाच आवडायचा. अंगठा तर अंगठा. पाऊण तासाने आला, म्हणजे व्हिडिओ पूर्ण बघितला असेल. कदाचित दोनदा.

जेवणानंतर त्याचा सांगाडा साफ करायला घेतला. वर्मच्या पिळात लाल माती अडकली आहे, वाळून टणक झालेली. त्या किल्ल्याचीच. जुना टूथब्रश ओला करून आणला आणि मग तसाच परत ठेवला. चिनू म्हणतो पुढची चाकं त्याच्या सेटमधली लावू, या दिवाळीला किल्ला करू. गॅलरीत कितीसा होणार, पण करू. दादाला यायला सांगायचं की नाही ते अजून ठरत नाही.

आत्ता उठून बॅटरी बॉक्समधले सहाही सेल काढले. आजच्या पेपरात गुंडाळून डब्यात ठेवले.