इंग्लंडमधील छोट्या गावाचा गुन्हेगारीचा आकडा कसा वाचावा

इंदूरच्या मराठी घरांतून इंग्लंडला जाणारी मुले पूर्वी लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर अशा मोठ्या शहरांतच जात असत. आता परिचारिका, फिजिओथेरपिस्ट अशा नोकऱ्यांवर जाणाऱ्या मुलामुलींना बऱ्याचदा वीस-तीस हजार वस्तीचे, आपण कधी नावही न ऐकलेले गाव मिळते. माझ्या भाचीला अशाच एका गावातील रुग्णालयात परिचारिकेची नेमणूक मिळाली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, त्याच संध्याकाळी गावाचे नाव इंटरनेटवर शोधले, तर ते काउंटीतील सर्वांत असुरक्षित गावांच्या यादीत निघाले. गुन्ह्यांचे प्रमाण हजार लोकवस्तीमागे शंभराच्या पुढे. "ताई, दहा माणसांमागे एक गुन्हा? अशा ठिकाणी मुलीला एकटी कशी पाठवू?" असे तिने मला विचारले. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडेच आले. असाच प्रश्न आता आमच्या राजेंद्र नगरातील आणखी काही घरांतूनही येऊ लागला आहे, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी आपल्या घरचा आकडा पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ५८ लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि त्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ४२२ होते. आपल्याकडे लाखामागे मोजतात, इंग्लंडमध्ये हजारामागे. दोन्ही एकाच मापात आणले, तर भारताचा आकडा हजारामागे जेमतेम चार येतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून सहा कोटींच्या वस्तीत पोलिसांकडे वर्षाला साठ लाखांहून अधिक गुन्हे नोंदले जातात, म्हणजे हजारामागे शंभरच्या आसपास. हे आकडे जसेच्या तसे धरले, तर इंग्लंड भारताच्या वीसपटींहून अधिक धोक्याचे ठरते. आता खुनांकडे पाहा. खून दडपणे कठीण असते, त्यामुळे त्याची नोंद इतर गुन्ह्यांच्या मानाने बरीच खरी असते. २०२२ मध्ये भारतात २८,५२२ खून नोंदले गेले, म्हणजे लाखामागे दोनांहून किंचित अधिक. इंग्लंड-वेल्समध्ये हे प्रमाण लाखामागे एकाच्या जवळपास असते. जेथे खून निम्म्याने होतात तेथे बाकीचे गुन्हे वीसपट होत असतील, हे पटण्यासारखे नाही. हा फरक मुख्यतः नोंदवहीतला आहे.

नोंद कशी टळते हे इंदूरकरांना सांगायला नको. आमच्या शेजारच्या काकूंचा मोबाइल दिवाळीच्या खरेदीत, राजवाड्याच्या गर्दीत, कोणीतरी पर्सची चेन उघडून काढून घेतला. त्या ठाण्यात गेल्या, तेव्हा त्यांना अर्ज लिहायला सांगितले आणि अर्जात ‘चोरीला गेला’ असे न लिहिता ‘कुठेतरी पडला’ असे लिहा, म्हणजे नवे सिमकार्ड लवकर मिळेल, असा सल्लाही दिला. अर्जावर शिक्का बसला, सिमकार्ड मिळाले, पण ती चोरी शहराच्या आकडेवारीत कधीच आली नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे. तरी शिक्क्याच्या कागदावर समाधान मानून परतणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत निघतील.

इंग्लंडमध्येही हे सर्व पहिल्यापासून नीट होते असे नाही. २०१४ मध्ये तेथील पोलीस निरीक्षणालयाने पोलिसांचे दप्तर तपासले, तेव्हा लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के गुन्हे नोंदलेच गेले नसल्याचे आढळले. त्याच वर्षाच्या जानेवारीत पोलिसांच्या आकडेवारीला असलेला अधिकृत राष्ट्रीय सांख्यिकीचा दर्जा काढून घेण्यात आला होता. त्यानंतर नोंदणीची शिस्त कडक झाली आणि पुढील काही वर्षांत, विशेषतः हिंसेचे, आकडे झपाट्याने वाढले. म्हणून एखाद्या गावात २०१४ नंतर हिंसक गुन्हे दुप्पट झाले असे कोणी सांगितले, तर त्यातील किती वाढ रस्त्यावरची आणि किती दप्तरातली, हे आधी विचारले पाहिजे.

‘हिंसा’ या सदरात काय काय मोजले जाते, हेही पाहावे लागते. माझी बहीण सर्वांत जास्त घाबरली ती याच सदराला, कारण छोट्या गावांतही बहुधा सर्वांत मोठा आकडा त्याचाच असतो. त्यात चाकूहल्ला येतो, तशीच कोणतीही इजा न झालेली धक्काबुक्कीही येते. पाठलाग, छळ, धमकीचे किंवा अर्वाच्य संदेश पाठवणे, हेही त्यातच धरतात. डिसेंबर २०१५ पासून जोडीदाराला सतत धाकात आणि नियंत्रणात ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा झाला, तोही याच सदरात जातो. पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या हिंसेपैकी साधारण एक तृतीयांश कौटुंबिक असते. ही हिंसा लहान नव्हे, आणि ती नोंदली जाते याचा मला एक बाई म्हणून आदरच वाटतो. पण ती बंद दाराआड होते, कामावरून पायी घरी जाणाऱ्या अनोळखी मुलीवर नव्हे.

नंतर मी पोलिसांचा सार्वजनिक नकाशा उघडून बसले. २०११ पासून इंग्लंड-वेल्समधील प्रत्येक गल्लीतील गुन्हे महिन्याच्या महिन्याला या नकाशावर कोणालाही पाहता येतात. असा नकाशा आपल्या शहरांचाही असावा, असे मला मनापासून वाटते. मात्र त्यावरील ठिपका म्हणजे गुन्ह्याची नेमकी जागा नव्हे. तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरावीक बिंदूवर दाखवतात, आणि हे बिंदू असे निवडलेले असतात की त्यांच्या कक्षेत किमान आठ पत्ते असावेत किंवा एकही नसावा. म्हणून ‘अमुक गल्लीत किंवा तिच्याजवळ’, ‘सुपरमार्केटमध्ये किंवा त्याजवळ’ अशी मोघम भाषा तेथे दिसते. भाचीच्या गावात ठिपक्यांचा पुंजका होता तो मुख्य बाजाररस्त्यावर, सुपरमार्केटवर, वाहनतळावर आणि स्टेशनजवळ. सुपरमार्केटवरचे ठिपके बहुतेक दुकानातील उचलेगिरीचे होते. बाजारात ‘समाजविघातक वर्तन’ या नावाखाली बरेच काही होते. ते त्या नकाशावर इतर गुन्ह्यांशेजारीच दिसते, पण गुन्ह्यांच्या अधिकृत आकड्यात धरले जात नाही. रात्री आरडाओरड करणारी टोळकी, मोटारसायकलींचा उच्छाद, शेजाऱ्याचा गोंगाट, अशा तक्रारी त्यात येतात. अनेक खासगी संकेतस्थळे मात्र ते गुन्ह्यांत मिळवूनच गावांची क्रमवारी लावतात.

त्या क्रमवारीत छेदही तपासावा लागतो. भागाकार होतो तो तेथे राहणाऱ्यांच्या संख्येने. गुन्हे मात्र तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे मोजले जातात. लंडनच्या मध्यवर्ती ‘सिटी ऑफ लंडन’मध्ये राहणारे लोक नऊ हजारांच्या आत आहेत आणि रोज कामाला येणारे लाखो, म्हणून तेथील सरकारी सांख्यिकी कार्यालय त्या भागाचा दर काढतच नाही. बाजारपेठेच्या गावाचेही लहान प्रमाणात असेच असते. आसपासच्या खेड्यांतील माणसे खरेदीला, दवाखान्याला, शाळेला आणि शनिवारी रात्री पबला तेथेच येतात. दुकाने सर्वांची, उचलेगिरी सर्वांची, पण ती भागायची मात्र गावात राहणाऱ्या वीस हजारांत. शेजारच्या खेड्यात दुकानच नाही, त्यामुळे ते ‘सुरक्षित’.

लहान संख्यांचा आणखी एक धोका मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे आणि त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडमध्येच सापडते. मँचेस्टरजवळच्या हाइड या गावात हॅरोल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. १९७५ ते १९९८ या काळात त्याने आपल्याच रुग्णांचे जीव घेतले आणि चौकशी आयोगाने त्यातील २१५ खून निश्चित केले. त्यांपैकी १७२ खून पोलिसांच्या दप्तरात चढले ते २००२-०३ या वर्षात, कारण तेथे गुन्हा ज्या वर्षी नोंदला त्या वर्षाचा धरतात. त्यामुळे त्या वर्षी साऱ्या देशाचा खुनांचा आलेख उंचावलेला दिसतो, आणि गाव मात्र त्या वर्षी काही वेगळे झालेले नव्हते. तसेच एसेक्समधील ग्रेज या थेम्सकाठच्या गावी २३ ऑक्टोबर २०१९ रोजी एका ट्रकच्या बंद कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी स्थलांतरितांचे मृतदेह सापडले. ही सर्व माणसे समुद्रापलीकडून आणली गेली होती. पण मनुष्यवधाच्या नोंदी झाल्या त्या एसेक्स पोलिसांकडे. त्या वर्षाचा दर पाहून ग्रेजमध्ये राहणे धोक्याचे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे गावावरही अन्याय आणि त्या मृतांवरही.

नोंदवहीवर विसंबायचे नसेल, तर दुसरी वाट आहे ती सर्वेक्षणाची. १९८२ पासून तेथे हजारो घरी जाऊन ‘गेल्या बारा महिन्यांत तुमच्याबाबतीत काय घडले’ असे विचारतात, पोलिसांना कळवले असो वा नसो. त्यानुसार चोरी, घरफोडी, मारहाण असे पारंपरिक गुन्हे १९९५ मध्ये कळसाला होते आणि त्यानंतर घटत घटत आज साधारण चौथाईवर आले आहेत. वाढले आहे ते फसवणुकीचे प्रमाण, आणि ते घरबसल्या, फोनवरून होते. भाचीला मी याचीच जास्त ताकीद दिली आहे, कारण नव्याने आलेल्या परदेशी कर्मचाऱ्यांना व्हिसा खात्याच्या नावाने खोटे फोन येतात. हे सर्वेक्षण देशाचे चित्र दाखवते. वीस हजार वस्तीच्या एका गावाबद्दल काही सांगण्याइतकी घरे त्यात येत नाहीत.

मग एका गावाची सुरक्षितता कशावरून ओळखायची? माझ्या मते, हाक मारल्यावर कोण येते आणि किती वेळात येते, यावरून. आणि येथे मला इंग्लंडची बाजू तितकीशी भक्कम वाटत नाही. २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंड-वेल्समधील पोलिसांची संख्या सुमारे वीस हजारांनी घटली. ती २०२३ पर्यंत भरून काढण्यात आली, पण छोट्या गावांतील बंद झालेल्या चौक्या काही सगळ्या परत उघडल्या नाहीत. भाचीच्या गावातील चौकी आता चौकी राहिलेली नाही आणि गस्तीची गाडी शेजारच्या मोठ्या गावातून येते. रस्त्यावर दिसतात ते मुख्यतः २००२ च्या कायद्याने आलेले सहायक अधिकारी. ते गाव चांगले ओळखतात, पण त्यांना पोलिसांसारखे अटकेचे अधिकार नाहीत. हिवाळ्यात भाचीची सायकल रुग्णालयाच्या आवारातून कुलूप तोडून नेली. तिने ऑनलाइन तक्रार केली, लगेच गुन्हा क्रमांक मिळाला, कोणी ‘हरवली असे लिहा’ म्हटले नाही. काही दिवसांनी ईमेल आला की संशयित सापडला नाही, तपास थांबवला आहे. "मावशी, नोंद झाली, पण शोधायला कोणी आलेच नाही," असे ती म्हणाली, आणि तिची निराशा मला अगदी रास्त वाटते. नोंद ही पहिली पायरी आहे. त्यापुढच्या पायऱ्या तेथेही अपुऱ्या आहेत.

सध्या प्रश्न आहे तो घराचा. रुग्णालयाची खोली सोडून तिला भाड्याने घर घ्यायचे आहे आणि दोन जागा समोर आहेत. एक गावाच्या कडेला, नव्या वसाहतीत. नकाशावर तेथे ठिपका जवळजवळ नाही. दुसरी बाजाररस्त्याच्या मागच्या गल्लीत, पुंजक्याला लागून. बहिणीचा कल अर्थातच पहिल्या जागेकडे होता. मी भाचीला एकच काम सांगितले: दुपारपाळी संपवून, रात्री नऊनंतर, एखाद्या सहकाऱ्याला सोबत घेऊन दोन्ही वाटांनी एकदा चालून ये. कडेच्या वसाहतीकडे शेवटची बस संध्याकाळीच निघून जाते आणि पायवाट शेताच्या कडेने, एकाही दिव्याविना जाते. डिसेंबरात तेथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाजारातील गल्लीत दिवे आहेत, दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात आणि वाटेत माणसे भेटतात. नकाशावर ठिपके कमी असण्याचे एक कारण तेथे कोणी फिरकत नाही, हेही असते. मी तिला बाजारातील जागा घ्यायला सांगितले आहे.

शुक्रवार-शनिवारच्या रात्री मात्र बहिणीची काळजी मला पूर्ण मान्य आहे. पब सुटण्याच्या वेळी त्याच बाजाररस्त्यावर दारू प्यायलेल्यांची भांडणे होतात, आणि नकाशावरील हिंसेचा जो भाग खरोखर रस्त्यावरचा आहे, त्यातील बराचसा त्या दोन-तीन तासांतला असतो. त्या रात्री पाळी असेल तेव्हा वॉर्डातील तिघीजणी मिळून, स्थानिक कौन्सिलचा परवाना असलेली टॅक्सी आधीच फोनवरून ठरवणार आहेत. तातडीच्या मदतीसाठी ९९९ आणि एरवी पोलिसांशी बोलण्यासाठी १०१ हे क्रमांक भाचीला पाठ आहेतच; मोबाइलवरून ९९९ लावल्यावर बोलता येत नसेल, तर सूचना ऐकून ५५ दाबावे म्हणजे फोन पोलिसांकडे जोडला जातो, हे मी तिला आणि तिच्या दोघी मैत्रिणींना लिहून पाठवले आहे.