दात खातो म्हणे मी

गुरुवार, रात्रीचे अकरा

पोह्यातल्या शेंगदाण्यानं दाढ फुटली. खडा असता तर समजलं असतं. शेंगदाणा!

काल यवतमाळला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा देऊन बाकीच्या दाढा दाखवल्या. टाकी लावायला आलेल्या जात्यासारख्या गुळगुळीत. जात्याला निदान टाकी लावता येते. दातावरचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही म्हणे. मग विचारलं, "झोपेत दात खाता का?" मी म्हटलं, नाही. आणि बाजूला बसलेली ही, पिशवी मांडीवर धरून, कपाशी किती एकर लावली हे सांगावं तशी म्हणाली, "खाते ना हे. दोन वर्सं झाले."

दोन वर्षं.

दाढेचं दुःख नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. सकाळी कानशिलं दुखणं, कानात ठणका हे सगळं जबड्याचं. (आणि मी वर्षभर कानात कोमट तेल सोडतोय.) समोर वाघ आला तर पळता यावं म्हणून शरीर छाती धडधडवतं, स्नायू आवळतं, झोप पातळ करतं. ते बरोबरच आहे. २०१८ मध्ये आमच्याकडे वाघिणीच्या भीतीनं लोक वावरात एकटे जात नव्हते, तेव्हा सगळ्यांचंच शरीर असं ताठ होतं. पण ती भीती कधीतरी संपली. बँकेच्या फोनचं तसं नाही, तो पुन्हा येतो. आणि शरीराला वाघ आणि फोन यांतला फरक कळत नाही. दाढ काढायच्या आधी बीपी घेतलं, १५२ वर ९६. बसवून ठेवून परत घेतलं, १४४ वर ९०. एवढ्यावरून काही ठरत नाही, आठवडाभर गावातल्या उपकेंद्रात मोजा म्हणाल्या. मोजीन.

पण दोन वर्षं हिला माहीत होतं आणि मला नाही, हे काही पचत नाही. घरात कुणाला कळू नये म्हणून काय काय केलं मी. नोटीस आली तेव्हा ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवली. दादाच्या कागदाचं तर आईला अजून... असो. सगळं पोटात ठेवलं. आणि रोज रात्री हाच माणूस पलंगावर पडून करकर करकर सगळं सांगत होता! गेल्या वर्षी मीच चौकातल्या एकाला शहाणपणानं १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर लिहून दिला होता. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, मोकळा हो बाबा. मोकळा हो!

येताना बसमध्ये विचारलं, सांगितलं काऊन नाही? तर म्हणे, "मले वाटलं तुमाले ठाव असन. दात तुमचे."

यावर काय बोलायचं.

आईला कळलं तर तिचं निदान तयार. जंत. लहानपणीही खायचा म्हणे हा. वावडिंग कुटून ठेवलंय, उद्यापासून गुळातून सुरू. पंचेचाळीसाव्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी रात्री दातांवर बसवायचं एक कव्हर करायला दिलंय, त्याच्या पैशात सरकीच्या दोन थैल्या आल्या असत्या. शिवाय दुपारनंतर चहा नको, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर अजिबात नको. खर्ऱ्यानं दात खाणं वाढतं म्हणे. मी खर्रा खातो टेन्शन जावं म्हणून. दिवसा ध्यानात ठेवायचं, ओठ मिटलेले पण दात दातांवर टेकलेले नकोत. आज डवरणीत दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा टेकलेले. बैल माझ्यापेक्षा निवांत. तो रवंथ करतो, पण मजेनं करतो.

झोपण्याआधी श्वास हळू घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा, दहा मिनिटं. आत्ता करून पाहिलं. चौथ्या मिनिटाला सोसायटीचं व्याज आठवलं. पुन्हा पहिल्यापासून. खांदे थोडे खाली आले, हे खोटं नाही.

हिला जेवताना सहज विचारलं, रोजच खातो का मी? तर हिच्याकडे पूर्ण हिशेब. बियाणं आणायच्या आधी आठ दिवस जास्त. पावसानं ओढ दिली तेव्हा तर "घरात उंदीर शिरल्यावानी". आणि पाऊस पडला त्या रात्री एकदाही नाही. दादा येऊन गेला त्या रात्री लई, पण पहाटे, तीनच्या सुमारास.

मला हसूच आलं. कृषी केंद्रवाल्याकडेही एवढी नोंद नसेल.

मग भांडी घासण्याचा आवाज येत होता तेव्हा ध्यानात आलं. पहाटे तीन. विचारलं, "तू तीन वाजता जागी काऊन असतेस?"

भांडी थांबली. मग म्हणाली, "झोपा आता. उद्या फवारणी आहे."