27 सेकंद की 9 सेकंद

पैठणला आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. जास्त करून पाण्याच्या टाक्या, पण नाथसागरावरच्या मासेमारीसाठी होड्यापण करतो. यावेळी 27 फुटी होडी होती, इंजिनवर ताशी 12 किमी पळणारी, माणसं जाळी बर्फ सगळं धरून वजन 1458 किलो. मोठा साचा झाल्यावर बदल करायचा म्हणजे सगळा खर्च पाण्यात, म्हणून आधी 3 फुटाचं मॉडेल केलं आणि मामांच्या शेततळ्यात उतरवलं.

लांबी 9 पट कमी, मग वजन 9 चा घन म्हणजे 729 पट कमी, बरोबर 2 किलो, ते वाळूच्या पुड्या टाकून जुळवलं. वेगाला मात्र मी सरळ 9 ने भागलं. ड्रिल मशीनला रीळ बसवून तंगूसने ओढलं, 10 मीटर 27 सेकंदात. पाणी हललंसुद्धा नाही, सगळे खूश.

रात्री झोप लागेना, कारण भरलेली होडी पळते आणि लाट उठत नाही असं धरणावर कधी बघितलेलं नाही. पुस्तक काढलं. विल्यम फ्रूड नावाच्या इंजिनियरने इंग्लंडात टॉर्कीला 1872 मध्ये टाकी बांधून हेच केलं होतं, लाटा जुळायच्या तर वेग लांबीच्या वर्गमुळाने कमी करायचा. 9 चं वर्गमूळ 3, म्हणजे ताशी 4 किमी, म्हणजे तेच 10 मीटर 9 सेकंदात!

सकाळी वारा सुटायच्या आत परत ओढलं. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, 4 इंचावर लाट चढली आणि मागचा भाग खाली गेला. मामांची हयात जाळी टाकण्यात गेली, ते काठावरूनच ओरडले, "अरं, मागून बसायली की ही!"

200 ग्रॅमची पुडी मागून पुढं सरकवली, तेव्हा कुठं सरळ पळाली. खऱ्या होडीत ते 146 किलो होतात, म्हणून बर्फाची पेटी आणि डिझेलची टाकी दोन्ही पुढं घेतल्या. इंजिन किती लागेल ते मात्र असं नुसतं गुणून निघत नाही, छोट्या मॉडेलला पाण्याचं घर्षण त्या मानानं जास्त लागतं, ते वेगळं काढावं लागतं.

खऱ्या होडीच्या ट्रायलला नाळेपासून 4 इंचाच्या 9 पट, म्हणजे 3 फुटावर खडूने रेघ मारली होती. 12 चा स्पीड लागला तसं मामा वाकून बघायले, आणि लाटेनं ती रेघ पुसून नेली.