अगदी तूच!

गुरुवार, रात्री उशिरा

"अगदी तूच!" म्हणत ताईने फोटो माझ्यापुढे सरकवला. डोळे मिटल्यात जमा, नाक फेंदारलेलं, वरची हिरडी अख्खी बाहेर. हनुवटीखाली एक घडी, तिची नि माझी आजवर ओळख नव्हती.

मी निवडलेला वेगळाच होता. मान किंचित तिरकी, ओठांवर बेताचं हसू, आठवडाभर आरशासमोर घोटलेलं. तो बघून आई म्हणाली, "ही कोण? सही करायला आलीये का?"

म्हणजे इतकी वर्षं हे सगळे ती हिरडीच बघत आलेत? आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही! मी रोज आरशात बघते तो चेहरा तर डावा-उजवा उलटा. तो माझ्याखेरीज कुणाच्याच ओळखीचा नाही. रडूच आलं. थोडंसंच.

दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्येच लिहून ठेवलंय, की गाल वर ओढणारा स्नायू आपलं ऐकतो, डोळ्यांभोवतीचा मनापासून हसू आल्याशिवाय हलत नाही. (अलीकडचे लोक म्हणतात, काहींना तेही जमतं. मला नाही.) माझ्या निवडलेल्या फोटोत डोळे खरंच कोरडे ठणठणीत आहेत. आता दिसलं, आता ते दिसायचं थांबत नाही.

बाबांचा हसरा फोटो आपल्याकडे एकही... तो विषय आज नको.

आइनस्टाइनचं बरं होतं. 1951 चा 72 वा वाढदिवस, फोटोसाठी हसून हसून कंटाळला, जीभ काढली. वर तोच फोटो आवडला म्हणून त्याच्या प्रती मागवून मित्रांना पाठवल्या! मी हिरडीच्या प्रती वाटू?

पण मी हसले कशाला, तेही लिहायला हवं. फोटोग्राफर म्हणाला, "झालं, उठा." आणि चष्मा शोधायला लागला. टेबलावर, खिशात, स्टुलाखाली. चष्मा कपाळावर. मी फुटलेच, आणि तेवढ्यात खटक. केवढा वेंधळा माणूस, असं वाटून जीव जरा हळवासुद्धा झाला होता. त्या हिरडीत तो हळवेपणा आहे बहुतेक, शोधला तर.

मघाशी ताईला तिचा मागच्या वर्षीचा फोटो मागितला. तिचेही डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"तुला कशाने हसवलं गं?"

"अगं, त्याचा चष्मा सापडेना."